उजळणी आणि हिशेब

सोमेश्वरनगर आणि सुपे ही दोन्ही गावे आज एकाच बारामती तालुक्यात आहेत. पहिल्याचे नाव घेतले की साखर कारखान्याचे धुराडे डोळ्यांपुढे उभे राहते. दुसऱ्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते एका होळीमुळे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि त्यांच्या वह्या, रोखे, खते बाहेर ओढून जाळून टाकली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पुढे जागोजाग हेच घडले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला विशेष वाटले ते हे, की माणसांच्या अंगावर हात फारसा पडला नव्हता. राग होता तो कागदावर.

लहान मुलांना गणिताचे पहिले पाठ कसे द्यावेत, हा आमचा विषय. त्याचा आरंभ दंग्यापासून केला म्हणून कोणी दचकू नये. ज्याला कागदावरचा आकडा वाचता येतो तो कागद जाळीत नाही. तो बोट ठेवून विचारतो की ही रक्कम कोठून आली. सुप्याच्या कुणब्याला ते विचारता येत नव्हते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांची केली. हेतू होता व्याज साचू नये असा. झाले उलटे. तीन वर्षे भरली की सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवा रोखा लिहून घेई, आणि कालचे व्याज आज मुद्दल होऊन बसे. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन रुपयांनी घेतले. तीन वर्षांचे व्याज ७२, म्हणजे नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो होतो सुमारे २९६ चा, आणि नऊ वर्षे पुरी होताना पाचशेच्या वर जातो. सरळ व्याजाने हीच रक्कम ३१६ झाली असती. या दोन आकड्यांमधले अंतर ज्याला दिसत नव्हते त्याच्या शेतातून ते वसूल होत होते.

योगायोग असा, की न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही १८७५ सालीच. जिल्हा एक, साल एक. एकीकडे व्याख्याने आणि दुसरीकडे वह्यांची होळी. चार वर्षांनी, १८७९ साली, दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास दरसाल हिशेब लिहून द्यावा, अशी कलमे त्यात आली. कलमे चांगली होती. परंतु लिहून दिलेला हिशेब वाचणार कोण? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे याच्या यादीत त्यांनी मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाला लागूनच हिशेब घातला, तो उगीच नव्हे.

आता हिशेब शिकविण्याची आपल्याकडे रीत नव्हती काय? होती, आणि मोठी चोख होती. पंतोजीच्या शाळेत मुलगा धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अंक गिरवी. फळीवर बारीक धूळ पसरायची, लिहायचे, हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. ना कागदाचा खर्च, ना चुकल्याची खूण. मग शंभरापर्यंतची उजळणी. मग तीसपर्यंतचे पाढे. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा, त्यात श्लोकांबरोबर पाढेही. आणि पुऱ्या अंकांचे पाढे झाले की अपूर्णांकांचे. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा. पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. हा शब्द एकटा आज कोणी वापरीत नाही; पण कोणाच्या चार दिवसांच्या सत्तेला आपण ‘औटघटकेचे राज्य’ म्हणतो तेव्हा साडेतीन घटकाच मोजीत असतो.

आठ-नऊ वर्षांच्या पोराला साडेतीनाचा पाढा कशाला, असे आजच्या शिक्षकाला वाटेल. पण तेव्हाच्या बाजाराकडे पाहा. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. म्हणजे रुपयाचे पैसे ६४ आणि पै १९२. रुपयाचा अर्धा अधेली, तिचा अर्धा पावली, तिचा अर्धा चवली, चवलीचा अर्धा आणा. धान्याची मापे पाहा: दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सारा व्यवहार अर्ध्याच्या अर्ध्यावर उभा. अशा जगात पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक नव्हतेच. ती हातात धरायची नाणी आणि मापे होती. शेराला साडेतीन आणे भावाने तेरा शेर घेतले तर औटकीच्या तेराव्या ओळीला उत्तर तयार होते: साडेपंचेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये साडेतेरा आणे. गिऱ्हाइकाने पिशवी उचलण्याच्या आत दुकानातला पोरगा सांगत असे.

या रीतीचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र डोळ्याआड करू नये. ती ज्यांच्या घरी वही होती त्यांच्या मुलांसाठी होती. कुलकर्ण्याचा, वाण्याचा, सावकाराचा, कारकुनाचा मुलगा तेथे बसे. कुणब्याचा क्वचित. मुली नव्हत्याच, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना पायरीही बंद होती. सुप्याच्या सावकाराला दिडकी येत होती आणि त्याच्या कुळाला येत नव्हती; दोघे एकाच बाजारात उभे होते. पावकी-निमकी लोपली म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. ती किती घरांत कधी पोचलीच नव्हती, याची हळहळ त्यांच्या बोलण्यात आम्हाला सहसा ऐकू येत नाही.

इंग्रजी अमलात आरंभी या शाळांकडे अगदीच तुच्छतेने पाहिले गेले असे नव्हे. उलट एक गंमत सांगण्याजोगी आहे. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासेस अनाथ मुलांची शाळा चालवीत असताना त्यांनी मलबारकडची मुले वाळूवर बोटाने लिहिताना पाहिली, आणि ती युक्ती व मोठ्या मुलाने लहानाला शिकविण्याची रीत यांविषयी १७९७ साली विलायतेत पुस्तक छापले. पुढे तिकडच्या गरिबांच्या शाळांत वाळूच्या ताटल्या आल्या. म्हणजे आपली धूळपाटी सातासमुद्रापार जाऊन, गोऱ्या साहेबाची पद्धत हे नाव घेऊन परत आली! मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनसाहेबांनी १८२३ साली शिक्षणावर आपले प्रसिद्ध टिपण लिहिले, आणि त्याच दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या मदतीने हटनच्या गणितावरून मराठी पुस्तके तयार केली. तोवर अंकगणित तोंडात होते, ते आता पुस्तकात आले. पुस्तकात आल्याने ते सर्वांना मिळण्याची वाट मोकळी झाली, हा लाभ लहान नव्हे. पण पाढा म्हणायचा तो का, हे मुलाला सांगण्याची गरज जशी पंतोजीला वाटली नव्हती तशी पुढच्या मास्तरांनाही पुष्कळ काळ वाटली नाही. पंतोजीला निदान एक सबब होती. का, ते बाजार सांगत होता.

बाजाराने ते सांगणे थांबविले १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. लगेच १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले व शेर, मण, गज कागदोपत्री हद्दपार झाले. ज्यांना ते दिवस आठवतात असे वृद्ध श्रोते अजून व्याख्यानांना येतात, आणि त्यांना त्यातला घोळही आठवत असेल. एका आण्याचे नवे पैसे सव्वासहा. सव्वासहाचे नाणे नाही म्हणून द्यायचे सहा. दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे पुरे २५. तेव्हा चार वेळा एकेक आणा मोडला तर २४ हाती यायचे, आणि एकदम पावली मोडली तर २५. शाळेत शिकलेली बेरीज बाजारात एका पैशाने खोटी ठरे. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्दही गळून नुसता पैसा राहिला.

दशमान पद्धतीचे आम्ही स्वागतच करतो. ज्या मुलाने दहादहाचे गठ्ठे बांधायला शिकून घेतले त्याला पैसा, मीटर, ग्रॅम सारे एकाच किल्लीने उघडते; १९२ पै लक्षात ठेवणे हे काही बुद्धीचे लक्षण नव्हे. पण या बदलात एक गोष्ट नकळत निसटली. औटकी गेली ती योग्यच. तिच्याबरोबर पाव आणि पाऊण हेही लहान मुलाच्या शाळेतून गेले, आणि बाजारातून मात्र गेले नाहीत. भाजीवाली आजही पाव किलो, दीड किलो म्हणते. घड्याळात सव्वापाच आणि पावणेसहा वाजतात. एकराचे गुंठे अजून चाळीसच आहेत आणि दहा गुंठ्यांना पाव एकरच म्हणतात. घरी हे शब्द ऐकत वाढलेल्या मुलापुढे शाळा आरंभी अपूर्णांकाचे फारसे नाव काढीत नाही, आणि मग एके दिवशी आडवी रेघ मारून वर एक नि खाली चार असा बागुलबुवा त्याच्यापुढे उभा करते. पावकी पाठ करून घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. भाकरीचे चार तुकडे करून त्यातला एक हाती देताना ‘पाव’ हा शब्द पहिलीतच उच्चारायला हरकत कोणती, एवढेच विचारतो.

गेले ते गेले. राहिले ते तरी सुखाने राहिले काय? राहिली उजळणी, आणि तिच्यावरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठी गंमत उडाली. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीस, बावीस या नेहमीच्या वाचनाबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असेही वाचन दिले होते. वृत्तपत्रांत, घराघरांत, विधानसभेतही थट्टा झाली. मराठी बुडाली, अशी ओरड झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांनी शांतपणे सांगितले की जुने शब्द काढलेले नाहीत, लहान मुलाला आधार म्हणून दुसरी वाट दिली आहे. २०२३ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या म्हणण्याचा विचार थट्टेपेक्षा अधिक गंभीरपणे व्हायला हवा होता, असे आमचे मत आहे.

मराठी संख्यानामे जरा परक्याच्या कानाने ऐकून पाहा. ‘पस्तीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतो आणि मग तीस. लिहिताना मात्र आधी ३ लिहायचा, मग ५. मूल ५३ लिहिते आणि मार खाते. एकोणतीस म्हणजे उणा एक तीस, म्हणजे तीस अजून आलाच नाही तोच त्याचे नाव घ्यायचे. ऐंशीपर्यंत हा ‘एकोण’ चालतो, एकोणनव्वदलाही चालतो, आणि नव्याण्णवला येऊन अचानक सोडून देतो. पन्नास म्हटले की पुढे एकपन्नास यावे, तर येते एकावन्न, सत्तरचे एकाहत्तर. त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही जोडाक्षरे पहिलीतल्या जिभेला झेपत नाहीत ती निराळीच. या शब्दांमागे संस्कृत-प्राकृताचा दीड-दोन हजार वर्षांचा प्रवास आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला ते रत्नांसारखे वाटतील; सहा वर्षांच्या मुलाला ते खडे आहेत. सोलापूरकडच्या कानडी घरातला मुलगा ‘इप्पत्तोंदु’ म्हणतो, म्हणजे वीस आणि एक, आणि तसेच लिहितो. जर्मन मुलाला मात्र आपल्यासारखाच उलटा प्रवास करावा लागतो. नॉर्वेत तर १९५१ साली सरकारने ठरवून एकक आधी म्हणण्याची जुनी रीत बदलली आणि दशक आधी आणले. लोक घरात जुनेही बोलत राहिले. शाळेतले नवेही टिकले. भाषा काही बुडाली नाही.

आणि ‘वीस एक’ हे मराठीला परके आहे असे तरी कोणी सांगितले? खेड्यातल्या निरक्षर म्हाताऱ्यांची मोजणी विसांचीच असे. दोन विसा आणि पाच म्हणजे पंचेचाळीस, पाच विसा म्हणजे शंभर. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने आपल्या शेळ्या, पेंढ्या, भाकरी अशाच मोजल्या. आधी मोठा ढीग, मग उरलेले सुटे. स्थानिक किंमत या भारदस्त नावाने जे शिकविले जाते ते याहून निराळे काय आहे? मुलाने आठ-दहा महिने ‘वीस एक’ म्हणावे, काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी समोर ठेवून म्हणावे, आणि मग ‘एकवीस’ हे त्याचे रोजचे नाव शिकावे. समजल्यावर पाठ करणे सोपे असते. आणि पाढे पाठ असावेत याविषयी तर आमच्या मनात शंकाच नाही.

वस्तू आधी, शब्द नंतर आणि चिन्ह त्याच्याही नंतर, हा क्रम महाराष्ट्रात कोणी कसून लावून पाहिला असेल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना मान्य होती. तिची महागडी लाकडी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने घेतली. वारल्यांची मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मूल शाळेत येत नसेल तर मूल नाठाळ आहे असे न म्हणता शाळा चुकीच्या जागी आहे असे म्हणणे, याला धैर्य लागते.

ही गोष्ट सांगून आम्ही सोमेश्वरनगरला परत येतो, कारण कुरण येथेही आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कोरड्या मुलखाचा नूर पालटला. पुढे ऊस आला, कारखाने आले. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर ही नावे आता साखरेचीच झाली आहेत. ज्या तालुक्यात कुणब्याने वही जाळली त्याच तालुक्यात त्याचा नातू सहकारी कारखान्याचा सभासद झाला, वार्षिक सभेत ताळेबंद हाती घेऊन उठून प्रश्न विचारू लागला. हे घडण्यात शाळेचाही वाटा आहे, असे आम्हाला वाटते. मात्र दसरा-दिवाळी झाली की बीड, नगर, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या उभ्या राहतात, आणि या कोप्यांतून जी मुले राहतात त्यांच्याबाबत ते पुरते झालेले नाही. त्यांच्या आईबापांनी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फिटायची. वजन काट्यावर होते, नोंद मुकादमाच्या वहीत होते. सुप्याची वही काही सगळीच जळाली नाही म्हणायची.

ही मुले वर्षाच्या मध्यावर गावची शाळा सोडतात आणि उन्हाळ्यात परत जातात. त्यांच्यासाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. २०१० साली शिक्षणहक्काचा कायदा अमलात आल्यावर मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत घालावे असे धोरण आले. मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहेही झाली. सोमेश्वरनगरला कोपीवरची शाळा या नावाने मुलांच्या वस्तीवर जाऊन शिकविण्याचे काम झाले आहे. नाव ऐकताच आम्हाला कोसबाडची कुरणशाळा आठवली. २०२१ साली केंद्र सरकारने निपुण भारत नावाची मोहीम काढून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान आलेच पाहिजे असे ठरविले. ठराव उत्तम आहे. पण सलग तीन वर्षे एका शाळेत बसणाऱ्या मुलाच्या मापाने तो बेतलेला आहे, आणि कोपीवरचे मूल एका वर्षातच दोन ठिकाणी असते. गावच्या शाळेत शंभरापर्यंतची उजळणी चालू असताना ते उठते, आणि येथे येते तेव्हा वर्ग हातच्याच्या वजाबाकीवर पोचलेला असतो. साहित्य मागाल तर त्या मुलांभोवती भरपूर आहे. उसाची कांडकी आहेत, मोळ्या आहेत, वाढ्यांच्या पेंढ्या आहेत. दहा कांडक्यांची एक मोळी बांधून घेतली की दशक शिकविला. शिक्षकाला बाजारातून मणी आणायला नकोत.

अपूर्णांकही त्यांच्या घरातच आहे. तोडीच्या भाषेत नवरा-बायकोचे जोडपे मिळून एक कोयता होतो, आणि एकटा आलेला माणूस अर्धा कोयता. एका टोळीत साडेबारा कोयते आहेत, तर माणसे किती, हे कोपीवरच्या सात-आठ वर्षांच्या पोरीला विचारावे. पंतोजीची निमकी तिने कधी ऐकलेली नसली तरी एका कोयत्याची दोन माणसे तिला रोज दिसतात. तशी जोडी-जोडी मोजून ती पंचवीसपर्यंत पोचू शकते. मग पाटी हाती देऊन तेच उत्तर लिहायला सांगावे. कानाला ‘पंच’ आधी ऐकू येतो, म्हणून ५ आधी पडतो आणि त्याच्यापुढे २. तिच्या शिक्षकाने येथे दोन मोळ्या आणि पाच सुटी कांडकी तिच्यासमोर मांडायची आहेत, आणि हंगाम संपून कोपी मोडेपर्यंत जेवढे दिवस उरले असतील तेवढे दिवस ती मांडून ठेवायची आहेत.